निशाणी नांगर

१२ मे १८७५, बुधवार. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात बाजार भरला होता. वैशाखाचं ऊन, उघडी पडलेली रानं, पेरणीला अजून अवकाश. अशा दिवसांत कुणबी बाजाराला येतो तो थोडं विकायला, थोडं घ्यायला आणि बरंचसं बोलायला. पण त्या दिवशी आसपासच्या गावांतून आलेली माणसं घोळक्याने पेठेत शिरली आणि गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. धान्य लुटलं गेलं, आगही लागली. या गडबडीत एक मागणी मात्र पुन्हा पुन्हा होत होती: खतं काढा, वह्या काढा. ज्यांनी मुकाट्याने कागद काढून दिले, त्यांच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. कागद रस्त्यावर आले आणि त्यांची होळी झाली.

इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात: सावकारांनी पिळलं, शेतकरी उठले, सरकारने कायदा केला. या चार ओळी खोट्या नाहीत. पण अर्थशास्त्र, कायदा किंवा समाजशास्त्र पहिल्यांदाच शिकायला घेतलेल्या कुणालाही मी हाच प्रसंग आधी वाचायला सांगेन. मागणी-पुरवठा, पत, करार, मुदतीचा कायदा, करआकारणी, बहिष्कार असे सगळे शब्द पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत राहतात. सुप्याच्या पेठेत ते एकाच ढिगाऱ्यात सापडतात.

तो जळालेला कागद, म्हणजे कर्जाचं खत, जवळून पाहू. स्टँपाचा कागद. वर मोडी लिपीतला मजकूर: धनको कोण, ऋणको कोण, रोख किती दिले, व्याज दरमहा दरशेकडा किती, मुदत किती. खाली साक्षीदार. आणि अगदी शेवटी, लिहिणाऱ्याने घातलेल्या नावाशेजारी, कुणब्याची सही. त्याला लिहिता येत नसे, म्हणून तिथे एक छोटा नांगर काढलेला असे. निशाणी नांगर. पुष्कळदा तोही लिहिणाराच काढी. कुणबी फक्त लेखणीला हात लावी. कागदावर काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नाही, त्याची त्या मजकुराला संमती आहे याचा पुरावा म्हणजे हा नांगर. ज्या औताने तो पोट भरत होता, त्याच औताच्या चित्राने त्याची जमीन जात होती.

सावकारी इंग्रजांनी आणली असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. देहूच्या तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती, आणि त्यांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. पेशवाईतही कुणब्याला बी, बैल, लग्न आणि सारा या चार गोष्टींसाठी सावकार लागतच असे. फरक वसुलीत होता. पूर्वी वसुलीसाठी सावकाराच्या मागे राज्याचं बळ फारसं नसे. त्याला तगादा लावावा लागे, दारात धरणं धरून बसावं लागे, पाटलाला मध्ये घालावं लागे, पंचांपुढे बोलावं लागे. दामदुपटीचा दंडक होता: मुद्दलाइतकं व्याज झालं की एका वेळी त्याहून अधिक मागता येत नसे. कुणबी पार बुडाला तर वसुली थांबते, हे सावकारालाही कळत होतं. हा काही रामराज्याचा नमुना नव्हे. पण दोन्ही पक्षांना एकाच गावात राहायचं होतं, आणि त्या राहण्याची म्हणून एक मर्यादा होती.

१८१८ नंतर ही मर्यादा एकेका कलमाने ढिली होत गेली. मुंबई सरकारने रयतवारी पद्धत आणली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, प्रत्येक नंबराला खातेदार, प्रत्येक खात्याला ठरावीक सारा. शेत स्वतःच्या नावावर झालं, ही कुणब्यासाठी मोठी गोष्ट होती. पण जी जमीन नावावर होते ती गहाणही पडते आणि विकलीही जाते. सावकाराला पूर्वी कुळाच्या पिकात रस होता. आता जमिनीतही तारण दिसू लागलं. १८५५ साली व्याजावरचे जुने कायदेशीर निर्बंध उठले आणि खतात लिहिलेला दर कोर्टाला मान्य होऊ लागला. १८५९ मध्ये दिवाणी कामकाजाची संहिता आली. आता सावकाराला दारात धरणं धरायची गरज उरली नाही. खत घेऊन मुनसफाकडे जायचं, दावा लावायचा, हुकूमनामा घ्यायचा आणि बेलिफासोबत जप्तीला यायचं. कुणब्याला समन्स कळलं नाही किंवा तालुक्याच्या गावी जायला फुरसत झाली नाही, तर निकाल एकतर्फी होई. असे एकतर्फी निकाल ढिगाने लागत होते.

त्याच वर्षी आणखी एक कायदा आला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. तो म्हणजे मुदतीचा कायदा. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर तो रोखा बाद. हेतू चांगला होता. जुनी कर्जं वर्षानुवर्षं साचू नयेत, व्याजावर व्याज चढू नये आणि बापाच्या खतावर नातवाला कुणी कोर्टात खेचू नये, हा तो हेतू. गावात घडलं ते उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलावून घेई. चल, खत नवं करू. मागचं मुद्दल आणि मागचं व्याज एकत्र करून नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिलं जाई, ‘रोख दिले’ या शब्दांखाली. शेवटी पुन्हा नांगर.

याचा हिशेब करून पाहावा. शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. मध्ये काहीच फेड झाली नाही असं धरा. तीन वर्षांत व्याज ७२. नवं खत १७२ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी २९६. नवव्या वर्षी ५०९. बाराव्या वर्षी ८७५. दामदुपटीच्या जुन्या नियमाने हे कुळ फार तर दोनशे देणं लागलं असतं. तो नियम रद्द झालेला नव्हता. मुंबई इलाख्यातली कोर्टं तो पाळतही होती. पण कोर्टापुढे येई ते शेवटचं खत. त्यात मुद्दल म्हणून जो आकडा असेल तोच खरा. मागची खतं कुठे होती, पहिल्यांदा प्रत्यक्ष रुपये किती हातात पडले, हे विचारण्याचं काम कोर्टाचं नव्हतं. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला एक असं प्रकरण सापडलं ज्यात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेलं होतं. माझा वरचा हिशेब त्यापुढे फिका आहे.

एवढ्यानेही कदाचित दंगा झाला नसता. पण मधल्या काळात दूर अमेरिकेत युद्ध पेटलं. १८६१ पूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अमेरिकेतून येई. यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली आणि १८६२ पर्यंत तिथून येणारा कापूस जवळजवळ आटला. लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई आठवली. मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांनी पैसा खेड्यांकडे वळवला. शहरातला पेढीवाला मोठ्या सावकाराला, मोठा सावकार गावच्या सावकाराला आणि तो कुळाला असा पैसा खाली उतरत गेला. कुणब्याला न मागता कर्ज मिळू लागलं.

पुणे-नगरकडे खानदेश-वऱ्हाडासारखा कापूस पिकत नव्हता, हे लक्षात ठेवलं पाहिजे. इथे तेजी आली ती आडवाटेने. धान्याचे भाव चढले. लोहमार्गाची कामं जोरात होती. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ रेल्वेने पार केला आणि त्या कामांवर माणसाला मजुरी मिळाली, गाडीवानाला भाडं मिळालं. कोरडवाहू मुलखात ही चार वर्षं खरंच बरी गेली. मग १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईत शेअरांचा डोलारा पडला. बॅक बे कंपनीच्या शेअरवर उड्या मारणारे लक्षाधीश दिवाळखोर झाले, हे सगळे लिहितात. मुंबईहून खाली उतरलेला पैसा आता वर परत मागितला जाऊ लागला, हे फारसं कुणी लिहीत नाही. मोठ्या सावकाराने गावच्या सावकाराचा गळा धरला, त्याने कुळाचा.

सरकारने नेमक्या याच वेळी आपला हात पुढे केला. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अंमलदारांनी नवी जमाबंदी केली होती. तिच्या आधीची प्रिंगलची मोजणी रयतेला इतकी जड गेली होती की माणसं गाव सोडून गेली होती. नव्या हलक्या दरांनी ती परत आली, पडीक रानं लागवडीखाली आली. हे दर तीस वर्षांसाठी होते. मुदत संपली ती १८६६-६७ मध्ये, तेजीच्या लगेच मागोमाग. फेरपाहणी करणाऱ्या अंमलदारांनी चढलेले भाव पाहिले आणि सारा वाढवला. कित्येक गावांत तो दीडपट, कुठे दुप्पट झाला. चार वर्षांच्या भावांवर पुढच्या तीस वर्षांचा सारा बसवला गेला. नंतर भाव उतरले. सारा उतरला नाही. आणि सारा रोख भरायचा असतो, हप्त्याच्या दिवशीच भरायचा असतो. त्या दिवशी कुणबी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न हाती घेतला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने गावोगावच्या रयतेची माहिती गोळा केली, वाढीव साऱ्याविरुद्ध अर्ज केले, सभा भरवल्या. १८७४ मध्ये मुंबई सरकारने साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घातली. पण तोवर सावकारांनी हात आखडता घेतला होता. जुन्या कर्जाची वसुली होत नव्हती, मग नवं का द्यायचं, असा त्यांचा हिशेब होता आणि धंदा म्हणून तो चुकीचाही नव्हता. कुणब्याला मात्र तो विश्वासघात वाटला. पिढ्यान्‌पिढ्या जो माणूस अडीनडीला सारा भरत आला, तोच ऐन वेळी दार लावून घेत होता आणि त्याच वेळी हुकूमनामे घेत होता.

ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातल्या करडे गावात. डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. देशमुख जिल्ह्यातल्या बड्या घराण्यांशी नातं असलेले. हुकूमनाम्याच्या बजावणीत घर आणि जमीन काळूरामनेच दीडशेला घेतली. मग देशमुखांना सांगितलं, घर वाचवायचं असेल तर त्याचे दोनशे रुपये द्या, जमिनीचा दरसाल खंड द्या. देशमुख तेही कबूल झाले. तरी काळूरामने घर पाडलं. स्वतःच्या घराच्या जवळच ते होतं.

गावाच्या मनात घर बसलेलं असतं ते वेगळ्याच अर्थाने. जमीन गेली तर माणूस कूळ म्हणून ती कसू शकतो. घर पाडलं म्हणजे त्याला गावातून उपटून टाकलं. आणि इथे तर देशमुखाचं घर होतं; त्याची ही गत तर साध्या कुणब्याचं काय, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार. करड्याच्या लोकांनी हिंसा केली नाही. त्यांनी सावकारांना वाळीत टाकलं. त्यांची शेतं कुणी कसायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणी कुणी भरायचं नाही. हे लोण इतर गावांत पोचलं. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या लोकांनी तर लेखी सामापत्र करून अटी घातल्या, आणि त्या मोडणाऱ्या गावकऱ्यालाही बलुतेदारांची सेवा बंद केली. ज्यांना खतावर फक्त नांगर काढता येत होता, त्यांनी आता स्वतःचा दस्तऐवज करून घेतला. आयर्लंडमधल्या कॅप्टन बॉयकॉटच्या नावावरून इंग्रजीला या कृतीसाठी शब्द मिळाला तो १८८० साली, म्हणजे यानंतर पाच-सहा वर्षांनी. मराठीला तो शब्द शोधावा लागला नाही.

या वाळीत टाकण्यातून मे महिन्यात सुप्याची होळी उभी राहिली. एका दिवसात खेडगावच्या एका सावकाराच्या गंजी पेटल्या. पुढच्या आठवड्यांत भीमथडी, इंदापूर, शिरूर, पुरंदर, मग नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या बाजूंना गावं पेटत गेली. सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरच्या मुलखात तीसहून अधिक गावांत दंगे झाले. सरकारच्या डोळ्यांसमोर १८५७ होतं. फौज बाहेर पडली, गावोगाव पोलीस चौक्या बसल्या. दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना पकडलं आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

दोन गोष्टी इथे प्रामाणिकपणे लिहिल्या पाहिजेत. पहिली, या दंग्यांत माणसं मारण्याचा हेतू दिसत नाही. काही ठिकाणी मारहाण झाली, पण जिथे सावकाराने खतं दिली तिथे लोक पुढच्या घराकडे वळले. दुसरी गोष्ट आपल्याला कमी आवडणारी आहे. मार पडला तो जवळजवळ सगळा गुजर आणि मारवाडी सावकारांना. गावात सावकारी करणारे ब्राह्मण आणि इतर स्थानिकही होते, आणि त्यांची खतं काही फार वेगळी नव्हती. त्यांना बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. कर्जाचा राग परक्यावर काढणं सोपं असतं. दंग्याकडे वर्गाचा लढा म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाब झाकू नये, आणि झाकली तर समाजशास्त्राचा पहिला धडाच चुकला.

काही अभ्यासकांनी पुढे असंही म्हटलं की हा दंगा मुळात फार मोठा नव्हता. तीस-चाळीस गावं, काही आठवडे, मनुष्यहानी फारशी नाही. आकड्यांनी ते खरं आहे. पण या लहान दंग्याने जे केलं ते मोठ्या दंग्यांनाही जमत नाही. सरकारला आपल्याच कायद्यांकडे पुन्हा पाहावं लागलं.

मुंबई सरकारला चौकशी नको होती. भारत सरकारने आग्रह धरला आणि आयोग नेमला गेला. ऑकलंड कॉल्विन, रिची, लायन आणि शंभुप्रसाद लक्ष्मीलाल हे त्याचे सदस्य. त्यांनी गावोगाव फिरून रयतेचे आणि सावकारांचे जबाब घेतले, खतं तपासली, पिकं, भाव आणि साऱ्याचे तक्ते जमवले. १८७८ मध्ये हा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आज या काळाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडेच जावं लागतं, इतकी माहिती त्यात आहे. तरी तो सावधपणे वाचायला हवा. अहवालाचा सूर असा की दंग्याचं मूळ कर्जात आणि सावकारात आहे. सरकारी साऱ्याला दोष देता येत नाही. ज्याच्याकडून सारा घेतला जातो त्याची चौकशी सारा घेणाऱ्यानेच करायची, तर निष्कर्ष कुठे झुकणार हे सांगायला नको. आयोगातल्या कॉल्विनने मात्र स्वतंत्र टिपण जोडून वाढीव साऱ्याला जबाबदार धरलं. नोकरशाहीत राहून असं लिहिणं सोपं नसतं.

दंगे आणि कायदा यांच्या मध्ये १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ गेला. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूर-पुरंदरच्या बाजूला धाडी घालायला सुरुवात केली. हा तोच मुलूख. अखेर त्याच वर्षी दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला.

हा कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. करार म्हणजे दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेला व्यवहार, कोर्टाने फक्त तो पाळला जातो का ते पाहायचं, ही त्या काळच्या इंग्रजी कायद्याची बैठक होती. १८७९ च्या कायद्याने ती दख्खनच्या चार जिल्ह्यांपुरती बाजूला ठेवली. कोर्टाने आता खताच्या मागे जायचं होतं: व्यवहाराची सुरुवात कुठे झाली, प्रत्यक्ष रक्कम किती दिली, मधली खतं कशी बदलली, हे सगळं उलगडायचं. व्याज मुद्दलापेक्षा अधिक द्यायचं नाही, व्याजावर व्याज धरायचं नाही. दामदुपटीला पुन्हा दात आले. शेतकरी ऋणकोला कर्जापायी कैद नाही. स्पष्ट गहाण लिहिलेलं नसेल तर जमीन जप्त नाही. खतं गावच्या नोंदणी अंमलदारासमोर लिहायची, आणि सही करण्याआधी ती वाचून दाखवायची. भरलेल्या पैशाची पावती द्यायची, मागेल त्याला पासबुक द्यायचं. मुदत वाढवली: साध्या खताला सहा वर्षं, नोंदलेल्याला बारा, म्हणजे दर तीन वर्षांनी खत बदलण्याची सबब संपली. सुप्याच्या पेठेत लोकांनी जे कागद जाळले, त्याच कागदांवर विश्वास ठेवू नका असं आता कायदाच न्यायाधीशाला सांगत होता.

या कायद्याखाली खास न्यायाधीश नेमले गेले. १८८७ मध्ये ते काम महादेव गोविंद रानड्यांकडे आलं. सार्वजनिक सभेच्या कामात ज्यांनी रयतेचा प्रश्न वर्षानुवर्षं अभ्यासला, तेच आता गावोगावच्या कोर्टांचे निकाल तपासत फिरत होते. रानड्यांच्या अर्थशास्त्रावर आपण भाषणं ऐकतो. त्या अर्थशास्त्राला या फिरतीच्या धुळीचा वास आहे, हेही सांगायला हवं.

कायद्याने सगळं सुटलं नाही. गहाणात अडचण आली तेव्हा सावकारांनी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. पैसे फेडले की जमीन परत, हे फक्त तोंडी. पुढे त्यावरही कायद्यात दुरुस्ती करावी लागली. शिवाय कायदा कर्ज कमी करू शकतो, कर्ज देऊ शकत नाही. बी-बैलाला पैसा लागणारच होता. तो कुठून येणार? विल्यम वेडरबर्न या सनदी अधिकाऱ्यांनी याचं उत्तर म्हणून पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. रानड्यांचा पाठिंबा होता, भारत सरकार अनुकूल झालं. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली. ती बँक उभी राहिली असती तर पुढच्या वीस वर्षांत किती खतं लिहिली गेली नसती, हा विचार मला अजून छळतो. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तेव्हा एक पिढी निघून गेली होती.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला तेव्हा सावकार, कोर्ट, कारकून आणि सारा या चौघांकडेही त्यांचं बोट होतं. सरकारी आयोगाने ज्या साऱ्याला बाजूला ठेवलं होतं त्यालाही त्यांनी सोडलं नाही. सुप्याहून आलेल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

दामदुपटीचा नियम १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात आला, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही आहे. म्हणजे मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागणारा परवानाधारक सावकार आजही कायद्याबाहेर आहे. परवाना नसलेल्याने फसवून घेतलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. त्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. ज्यांच्या ओळखीत असं कुणी अडकलेलं असेल त्यांनी त्याला हे जरूर सांगावं.

आणि एक विनंती. १८७५ मध्ये खतं मोठ्या संख्येने जळाली, म्हणून जी उरली ती मोलाची आहेत. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात अजून मोडी कागद सापडतात. घर पाडताना, वाटण्या करताना ते रद्दीत जातात. जाऊ देऊ नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा, छायाचित्र काढून ठेवा, नको असतील तर पुण्याच्या पुराभिलेखागारात विचारा. त्यात कुठे तरी खाली, नावाशेजारी, तुमच्या पणजोबांच्या बापाने काढलेला नांगर असेल.